चंद्रपतंगाची शेपटी

पावसाळ्यात बदलापूरकडे दिव्यांवर पतंगांची झुंबड उडते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या अशा रानांत एक देखणा पतंग आढळतो. त्याचे नाव चंद्रपतंग. पंख पसरले की रुंदी १० ते १२ सेंटिमीटर! रंग फिकट हिरवा, प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा एक ठिपका आणि मागच्या पंखांना दोन लांब, टोकाशी पिळदार शेपट्या.

हिरव्या रंगामुळे दिवसा तो पानांत लपून जातो. पण शेपट्या कशासाठी?

रात्री त्याचा मोठा शत्रू म्हणजे वटवाघूळ. कीटकभक्षी वटवाघूळ अंधारात आवाज सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा ठाव घेते. या आवाजाची कंपने सेकंदाला ५०,००० धरा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वेगाला कंपनसंख्येने भागा. तरंगलांबी येते जेमतेम ७ मिलिमीटर. तरंगलांबीपेक्षा फार लहान वस्तूवरून प्रतिध्वनी क्षीण येतो. शेपटी मात्र ७ मिलिमीटरच्या कितीतरी पट लांब! पतंग उडताना ती मागे गरगरते आणि तिच्यावरूनही प्रतिध्वनी उमटतो. वटवाघूळ फसते आणि धडाऐवजी शेपटीवर झडप घालते. शेपटी तुटली तरी पतंग उडू शकतो.

हे प्रयोगाने पडताळलेले आहे. अमेरिकेत चंद्रपतंगाचा एक जवळचा भाऊबंद आहे, ‘लूना’. जेसी बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधाऱ्या खोलीत लूना पतंग वटवाघळांपुढे सोडले. २०१५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेपट्या असलेल्या पतंगांपैकी शेकडा सुमारे ३५ पकडले गेले; शेपट्या कापलेल्यांपैकी शेकडा सुमारे ८१!

या युक्तीचे मोल मोठे आहे, कारण या कुळातील पतंगांना कान नसतात. वटवाघळाची चाहूल त्यांना लागतच नाही. शिवाय प्रौढ चंद्रपतंगाला खाण्याजोगे तोंडही नसते. अळीने मोईसारख्या झाडांची पाने खाऊन साठवलेल्या शिदोरीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि मादीने अंडी घालायची.

चंद्रपतंग दिव्यापाशी आला, तर त्याच्या शेपट्या शाबूत आहेत का, ते हात न लावता पाहा. एखादी तुटलेली दिसली, तर तो कदाचित वटवाघळाच्या तावडीतून सुटलेला असेल. मग दिवा मालवा. त्याच्या थोड्या रात्रींतली एक तरी वाया जाऊ नये.