यंत्राचा पीळ आणि त्याची मर्यादा

भिलाईचे नाव निघाले की डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो तेथील पोलादाचा कारखाना. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दुर्गच्या शेजारी वसलेले हे ठिकाण 1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारामुळे देशाच्या नजरेत भरले, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. देशभर पसरलेल्या रेल्वेच्या रुळांपैकी पुष्कळ रूळ या भिलाईतच लाटले गेले आहेत.

पोळी लाटावी तसे पोलाद लाटण्याचे हे काम पाहण्यासारखे असते. हजार अंशांहून अधिक तापलेला लालभडक ठोकळा दोन अवजड रोलांच्या मधून जातो, दाबला जातो, लांबतो. आणि असे अनेक फेरे झाल्यावर त्याला रुळाचा आकार येतो. हे रोल फिरवण्यासाठी विजेच्या मोटरीचा जोर लांब दांड्यांमधून रोलांपर्यंत पोचवावा लागतो. ठोकळा पुरेसा तापलेला नसेल, तर तो दबण्यास नकार देतो आणि दांड्यांवरील पीळ एकदम वाढतो. म्हणून अशा यंत्रांची आखणी करणारा अभियंता मोटर किती जोराची आहे, एवढेच विचारून थांबत नाही. मोटर आणि रोल यांच्यामधील प्रत्येक सांधा किती पीळ सोसेल, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

नेमका हाच प्रश्न आज एका निराळ्या क्षेत्रात उभा राहिला आहे. वेगवान मोटारींची हौस मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. भिलाई-रायपूरच्या रुंद रस्त्यावरही ती दिसते. कंपनीने दिलेल्या इंजिनावर समाधान न मानता, त्याचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलून अधिक जोर काढून घेण्याची कला आता सर्वत्र पोचली आहे. इंजिनाला हात न लावता, घटकाभरात, त्याचा जोर चौथाईने वाढवता येतो. परंतु वाढलेला जोर चाकांपर्यंत पोचवणारी गिअरपेटी तीच राहते. आणि ती दुहेरी क्लचची असेल, तर हिशेब विशेष काळजीने करावा लागतो.

येथे ज्याला जोर म्हटले, त्याचे शास्त्रीय नाव टॉर्क. म्हणजे एखादी वस्तू फिरवू पाहणारा पीळ. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोग्रॅमचे वजन टांगले, तर नटावर सुमारे 100 न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. इंजिनाची अश्वशक्ती ही याहून निराळी गोष्ट आहे. टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते. म्हणून कमी टॉर्क असलेले इंजिनही अधिक वेगाने फिरून तेवढीच शक्ती देऊ शकते. गिअरपेटीला मात्र शक्तीपेक्षा टॉर्कचे भय अधिक असते.

दुहेरी क्लचची कल्पना जुनी आहे. अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने 1930 नंतरच्या दशकात ती मांडली. पुढे 1980 नंतर पोर्शे कंपनीने आपल्या शर्यतीच्या गाड्यांत ती वापरून पाहिली. आणि 2003 साली फोक्सवॅगनच्या गोल्फ गाडीतून ती सामान्य ग्राहकापर्यंत आली. एकाच पेटीत दोन गिअरपेट्या बसवाव्यात, अशी ही रचना असते. पहिला, तिसरा, पाचवा हे विषम गिअर एका दांड्यावर आणि दुसरा, चौथा, सहावा हे सम गिअर दुसऱ्या दांड्यावर. आणि प्रत्येक दांड्याला स्वतंत्र क्लच. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धावत असताना तिसरा गिअर आधीच जोडून तयार ठेवलेला असतो. बदलाच्या क्षणी एक क्लच सैल होतो आणि दुसरा आवळला जातो. त्यामुळे जोराचा प्रवाह जवळजवळ खंडित होत नाही. परंतु त्या क्षणभरात क्लच घसरतात, आणि त्यांचे ते घसरणे अत्यंत मोजूनमापून व्हावे लागते. साऱ्या व्यवस्थेचे मर्म या घसरणीत आहे.

क्लच किती टॉर्क पेलेल, हे चार गोष्टींवर ठरते: तबकड्या किती जोराने एकमेकींवर दाबल्या जातात, त्यांच्यातील घर्षण किती, त्यांची त्रिज्या किती आणि घासणारे पृष्ठभाग किती. कोरड्या क्लचमध्ये घर्षण चांगले असते, पण पृष्ठभाग थोडे, आणि उष्णता वाहून नेण्यास केवळ हवा. ओल्या क्लचमध्ये तबकड्या तेलात बुडालेल्या असल्याने घर्षण कमी पडते. परंतु तबकड्यांची संख्या वाढवता येते आणि तेल उष्णता उचलून नेते. म्हणूनच फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या पेटीची मर्यादा 250 न्यूटन-मीटर, तर 2003 सालच्या सहा गिअरच्या ओल्या पेटीची 350 न्यूटन-मीटर. 2005 साली आलेल्या बुगाटी व्हेरॉन या गाडीची दुहेरी क्लचची पेटी तर 1250 न्यूटन-मीटर सोसण्यासाठी घडवलेली होती. आकार, वजन आणि खर्च वाढवण्याची तयारी असेल तर मर्यादा वर नेता येते. ती नाहीशी मात्र करता येत नाही.

या मर्यादेचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जोडली जाणारी स्कोडा सुपर्ब ही गाडी 2016 साली नव्या रूपात बाजारात आली. तिचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन 180 अश्वशक्तीचे होते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ते 320 न्यूटन-मीटर टॉर्क देत असे; सात गिअरच्या दुहेरी क्लचच्या गाडीत मात्र 250. अश्वशक्ती दोन्हींची सारखीच. इंजिनाच्या अंगी अधिक पीळ असूनही कंपनीने तो आवरून धरला होता, कारण पुढची पेटी तेवढाच पेलू शकत होती.

आता एखाद्या हौशी मालकाने अशा गाडीची आज्ञावली बदलून 250 चे 320 केले, तर काय होईल? त्याच दिवशी पेटी फुटेल असे नव्हे. आणि फसगत होते ती याच कारणाने. यंत्र मोडत नाही, झिजते. पूर्ण टॉर्कवर क्लच मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या फरकाने घसरत असेल, तर 250 न्यूटन-मीटरला सुमारे 26 किलोवॅट उष्णता निर्माण होते. एक किलोवॅटच्या सव्वीस इस्त्र्या एकाच वेळी तापाव्यात, तशी ती असते. 320 न्यूटन-मीटरला हाच आकडा साडेतेहतीसवर जातो. छत्तीसगडच्या मे महिन्यात, पारा 40 अंशांच्या वर असताना, गर्दीत पुनःपुन्हा थांबत निघणाऱ्या गाडीच्या कोरड्या क्लचला ही उष्णता टाकायला जागाच उरत नाही. तबकड्यांचे अस्तर करपते, घर्षण बदलते, आणि मग मोजूनमापून व्हावयाची घसरण बेभरवशाची होते. गाडी निघताना थरथरू लागते, ती बहुधा यामुळेच.

दुसरी झीज डोळ्यांना दिसत नाही. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. टॉर्क 250 वरून 320 वर नेला म्हणजे भार 1.28 पट होतो, आणि 1.28 चा घन दोनहून किंचित अधिक भरतो. म्हणजे तितका भार सतत पडत राहिला, तर बेअरिंगचे आयुष्य अर्ध्याहूनही कमी होते. चौथाईने जोर वाढवण्याची ही खरी किंमत आहे, आणि ती जाहिरातीत लिहिलेली नसते.

यावर जाणकार कारागीर उपाय करतात. ओल्या क्लचवरील तेलाचा दाब वाढवतात, अधिक तबकड्या किंवा निराळ्या अस्तराच्या तबकड्या बसवतात, तेल थंड करण्याची सोय वाढवतात. हे उपाय खोटे नाहीत. परंतु क्लच घसरेनासा झाला की तो वाढीव पीळ पुढे दातेरी चक्रांवर, दांड्यांवर आणि चाकांकडे जाणाऱ्या आसांवर पडतो. दुबळी जागा नाहीशी झाली नाही. ती पुढे सरकली. पूर्वी अस्तर झिजले असते, आता चक्राचा दात तुटेल. आणि तुटलेला दात पेटीतील इतर चक्रेही खराब करतो. कंपनीच्या आज्ञावलीत क्लच तापला की इंजिनाचा टॉर्क कमी करण्याची व्यवस्था असते. अधिक वेगाच्या मोहाने ती काढून टाकणे म्हणजे घराचा फ्यूज काढून त्या जागी जाड तार बसवण्यासारखे आहे.

पोलाद लाटणाऱ्यांचे शहाणपण येथे उपयोगी पडते. पोलाद लाटण्याच्या यंत्रांत मोटर आणि रोल यांच्यामधील एखादा सांधा किंवा खिळी मुद्दाम इतरांपेक्षा दुबळी ठेवण्याची रीत आहे. थंड ठोकळा आत शिरून पीळ वाढलाच, तर ती खिळी तुटावी आणि मौल्यवान रोल, दांडे व मोटर वाचावीत. यंत्रात दुबळी जागा असणारच. ती कोठे असावी हे अभियंत्याने आधी ठरवावे, अपघाताने नव्हे.

म्हणून ज्याला आपल्या गाडीचा जोर वाढवावयाचा आहे, त्याने इंजिनापेक्षा गिअरपेटीचा आकडा आधी विचारावा. नवा टॉर्क त्या आकड्याच्या आत, आणि थोडे अंतर राखून बसत असेल, तरच पुढे पाऊल टाकावे. बसत नसेल, तर क्लचपासून आसांपर्यंत साऱ्या साखळीचा खर्च धरावा. अशा बदलांनंतर कंपनीची हमी सहसा उरत नाही, आणि मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 ने वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर बंधने घातली आहेत, हेही विसरू नये. पेटीवरचा आकडा हा कंपनीचा भित्रेपणा नव्हे. उन्हाळ्यात, चढावर, भरल्या गाडीने, वर्षानुवर्षे हे यंत्र कुटुंबाला सुखरूप घरी आणील, एवढे वचन तिने त्या आकड्यात दिलेले असते. आणि ते वचन त्या आकड्यापर्यंतच असते.