शून्यांचा हिशेब : वारंवारतेवरून तरंगलांबी

मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च सोडून प्रकाशलहरींच्या वाटेला जाण्याचे मला काही कारण नव्हते. पण धाकटी बहीण मराठी माध्यमातून दहावी होऊन पी.यू.सी.ला विज्ञान शाखेत गेली आणि सहामाहीतच म्हणू लागली, "दादा, मला नाही जमणार. मी शाखा बदलते." वही पाहिली तेव्हा कळले, अडचण विषयाची नव्हतीच. 'फ्रीक्वेन्सी' म्हणजे आपली वारंवारता व 'वेव्हलेंग्थ' म्हणजे तरंगलांबी, एवढाच दुवा तुटला होता. तिच्या कन्नड शाळेतून आलेल्या मैत्रिणीचीही तीच गत. ती 'तरंगांतर' शिकून आली होती.

वास्तविक हिशेब सोपा आहे. एखादा माणूस मिनिटात १०० पावले टाकून ६० मीटर चालला, तर त्याचे एक पाऊल ६० सेंटिमीटरचे. प्रकाशाचेही तसेच. निर्वात जागेत तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर बांधलेली आहे. आपण सोयीसाठी ३० कोटी धरू. एका सेकंदात जितक्या लहरी, ती वारंवारता. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते.

रेडिओलहरी प्रकाशाच्याच कुळातल्या, वेगही तोच. धारवाड आकाशवाणीचा ७६५ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या घरी सर्वांना पाठ. ३० कोटींना ७,६५,००० ने भागा, उत्तर सुमारे ३९२ मीटर. एक लहर चार फुटबॉल मैदानांएवढी लांब!

आता सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश घेऊ. वारंवारता ५.०९ गुणिले १० चा १४ वा घात. ३ ला ५.०९ ने भागून ०.५८९ येतात. घातांची वजाबाकी ८ वजा १४, म्हणजे उणे ६. उत्तर ०.५८९ मायक्रोमीटर, अर्थात ५८९ नॅनोमीटर. पहिल्या खेपेस मी उणे ५ लिहून ५८९० नॅनोमीटर हे उत्तर छातीठोकपणे सांगितले होते! पण डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. माझा 'पिवळा' प्रकाश अवरक्त निघाला, म्हणजे दिसणारच नाही असा. ताळेबंद जुळत नसेल तर आधी शून्ये तपासावीत, हा आमच्या शाखेचा नियम येथेही लागू पडतो.

आणखी एक गंमत. हाच प्रकाश पाण्यात शिरला की त्याचा वेग १.३३ पटीने घटतो आणि तरंगलांबी सुमारे ४४३ नॅनोमीटर होते. हवेत एवढ्या लांबीचा प्रकाश निळा-जांभळा दिसतो. मग पाण्यात बुडी मारून पाहिल्यास दिवा जांभळा दिसेल काय? नाही, पिवळाच दिसतो. कारण माध्यम बदलले तरी वारंवारता बदलत नाही, आणि रंग तिच्यावर ठरतो.

हे ऐकून बहीण हसली. म्हणाली, "म्हणजे माध्यम बदलले म्हणून मीही बदलायला नको." शाखा बदलण्याचा अर्ज तिने फाडून टाकला.