माध्यमिक स्तरावरील विज्ञान विषयातील आकलन व कौशल्यांचे मूल्यमापन : एक विवेचन

प्रास्ताविक

भारतीय राज्यघटनेत १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांच्या विकासाचा अंतर्भाव आहे. शालेय विज्ञान शिक्षणाचे हेच अंतिम साध्य होय. परंतु जे तपासले जाते तेच शिकवले व शिकले जाते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. महाराष्ट्रात इयत्ता दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विषयाच्या दोन भागांच्या लेखी परीक्षेस प्रत्येकी ४० आणि प्रात्यक्षिकास २० गुण आहेत. हे गुण आकलनाचे व कौशल्याचे मापन खरोखर करतात काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात विद्युतधारा या सर्वपरिचित घटकाच्या आधारे केला आहे.

आकलनाचे मूल्यमापन

१९५६ साली बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी मांडलेल्या वर्गीकरणात ज्ञान व आकलन या दोन भिन्न पातळ्या मानल्या आहेत. 'ओहमचा नियम लिहा' हा प्रश्न केवळ स्मरण तपासतो. 'दोन सारखे दिवे एकसर जोडणीत जोडले असता दुसऱ्या दिव्यातील विद्युतधारा पहिल्यापेक्षा कमी, तेवढीच की जास्त असेल?' हा प्रश्न आकलनाकडे वळतो. पहिला दिवा काही धारा 'खर्च' करतो, अशी समजूत अनेक विद्यार्थ्यांच्या मनात असते. ती येथे उघड होते.

तथापि अचूक उत्तर म्हणजे आकलन नव्हे. 'तेवढीच, कारण दिवे सारखे आहेत' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर, पण कारण चुकीचे आहे. धारेला वाहण्यासाठी एकच मार्ग आहे व ती वाटेत संपत नाही, हे खरे कारण होय. डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या द्विस्तरीय निदानात्मक चाचणीत उत्तरासोबत कारणही निवडावे लागते. तीन उत्तरे व चार कारणे दिल्यास केवळ अंदाजाने पूर्ण बरोबर ठरण्याची शक्यता १/३ वरून १/१२ पर्यंत खाली येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थ्याची चूक नेमकी कोठे आहे, हे शिक्षकास कळते.

कौशल्याचे मूल्यमापन

ओहमच्या नियमाच्या प्रयोगात विभवांतर १.०, २.० व ३.० व्होल्ट असताना एका विद्यार्थ्याने विद्युतधारा अनुक्रमे ०.२०, ०.४० व ०.६० अँपिअर नोंदवली, असे समजू. प्रत्येक वेळी रोध बरोबर ५ ओहम येतो. दुसऱ्याने ०.१९, ०.४१ व ०.५८ अँपिअर नोंदवले; त्याचे रोध ५.२६, ४.८८ व ५.१७ ओहम, तर सरासरी ५.१० ओहम येते. केवळ प्रयोगवही पाहून गुण दिल्यास पहिल्याचे पारडे जड होईल. वास्तविक शालेय उपकरणांवर दुसऱ्यासारखी वाचनेच अधिक स्वाभाविक आहेत. पहिल्याची वाचने सूत्रावरून उलट काढलेली असण्याचा संभव आहे. अशा वेळी आपण कौशल्याऐवजी आकडे जुळवण्याच्या वृत्तीस गुण देत असतो. विज्ञाननिष्ठेच्या दृष्टीने ही हानी गंभीर आहे.

यावर उपाय म्हणजे फलिताबरोबर प्रक्रियेचे निरीक्षण. भारतीय शिक्षणतज्ज्ञ आर. एच. दवे यांनी १९७० मध्ये क्रियात्मक क्षेत्राच्या अनुकरण, हाताळणी, अचूकता, सुसंवादन व स्वाभाविकीकरण अशा पाच पातळ्या मांडल्या. त्यांच्या आधारे पुढीलप्रमाणे पडताळासूची तयार करता येईल :

१. अमीटर एकसर व व्होल्टमीटर समांतर जोडणीत जोडला.
२. दोन्ही उपकरणांची शून्य त्रुटी तपासली.
३. दोन वाचनांच्या दरम्यान कळ उघडी ठेवली.
४. वाचने मिळाली तशीच, एककासह नोंदवली.
५. वाचनांतील फरकाचे संभाव्य कारण सांगितले.

तिसऱ्या मुद्द्यावर 'कळ उघडी का ठेवली?' असे तोंडी विचारल्यास तार तापल्याने रोध बदलतो, हे आकलनही तपासले जाते.

व्यवहार्यता

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचे निरीक्षण कसे करावे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र एका तासिकेत दहाच विद्यार्थी निवडल्यास सहा प्रात्यक्षिकांत संपूर्ण वर्ग आणि बारा प्रात्यक्षिकांत प्रत्येक विद्यार्थी दोनदा पाहून होतो. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती पूर्वनियोजनाची.

समारोप

शाळेत वाचने जुळवण्यास सरावलेला विद्यार्थीच पुढे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ माध्यमिक शिक्षकांचा नाही. अध्यापक महाविद्यालयांनी निरीक्षणाधारित मूल्यमापनाचा सराव छात्राध्यापकांकडून करून घ्यावा आणि आपणही परीक्षक या नात्याने 'उत्तर किती आले?' या प्रश्नाआधी 'ते कसे मिळवले?' असे विचारावे. ५.१० ओहम हे प्रामाणिक उत्तर लिहिताना विद्यार्थ्यास गुण जाण्याची भीती वाटू नये, एवढे साधले तरी मूल्यमापनाने आपले कार्य बऱ्याच अंशी पार पाडले असे म्हणता येईल.