बॉयकॉट (शब्द)

बॉयकॉट हा इंग्रजी भाषेतील शब्द असून तो नाम व क्रियापद अशा दोन्ही प्रकारे वापरला जातो. एखादी व्यक्ती, संस्था, माल किंवा देश यांच्याशी असलेला व्यवहार निषेध म्हणून अनेकांनी मिळून, ठरवून बंद करणे, असा त्याचा अर्थ आहे. मराठीत त्यासाठी बहिष्कार हा प्रतिशब्द रूढ आहे.

उगम

हा शब्द एका आडनावावरून आला आहे. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–१८९७) हा पूर्वी ब्रिटिश सैन्यात असलेला इंग्रज गृहस्थ आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लँड लीगने कुळांच्या हक्कांसाठी चळवळ सुरू केली होती. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल या नेत्याने एक उपाय सुचविला. बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारहाण न करता, रस्त्यात, दुकानात, बाजारात व प्रार्थनास्थळीही त्याच्याशी संबंध तोडावेत, असा तो उपाय होता.

त्याच सुमारास बॉयकॉटने खंडात सूट मागणाऱ्या कुळांना बेदखल करण्याचा प्रयत्न केला आणि हा उपाय त्याच्यावरच योजला गेला. शेतमजुरांनी व घरगड्यांनी काम सोडले. दुकानदारांनी माल देणे थांबविले. पिकांच्या काढणीसाठी अल्स्टर प्रांतातून सुमारे ५० स्वयंसेवक आणावे लागले व त्यांच्या रक्षणासाठी मोठा लष्करी व पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. त्यावरील खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. डिसेंबर १८८० च्या आरंभी बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या सांगण्यानुसार, या कृतीसाठी रूढ असलेला विद्वज्जड इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली या धर्मगुरूंनी कारभाऱ्याचे नावच क्रियापद म्हणून सुचविले. काही आठवड्यांतच ते वृत्तपत्रांत रुळले आणि पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन व जपानी भाषांतही गेले.

वापर

बॉयकॉट, बंदी व संप यांत भेद आहे. बंदी सत्ताधारी घालतात. बॉयकॉट लोक स्वेच्छेने करतात. संपात कामगार आपले काम थांबवितात. बॉयकॉटमध्ये खरेदी, सहभाग वा सहवास नाकारला जातो. अमेरिकेतील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस शहर बससेवेवर घातलेला बहिष्कार हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

मराठीतील प्रतिशब्द

बहिष्कार हा शब्द संस्कृत ‘बहिस्’ (बाहेर) व ‘कृ’ (करणे) यांपासून बनला असून तो इंग्रजी शब्दाहून पुष्कळ जुना आहे. त्याचा पूर्वीचा अर्थ जातीबाहेर टाकणे, वाळीत टाकणे असा होता. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उद्भवले; तेथे गेलेल्यांत न्या. महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हेही होते. पुढे १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने बहिष्कार हे टिळकांच्या चतुःसूत्रीचे एक अंग बनले आणि शब्दाला राजकीय प्रतिकाराचा अर्थ मिळाला.

जुना अर्थ मात्र लोपला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापिलेली बहिष्कृत हितकारिणी सभा व १९२७ मध्ये सुरू केलेले ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र यांच्या नावांत तोच अर्थ आहे. त्यामुळे मराठीत बहिष्कार ‘घालणारा’ कोण, हे पाहिल्याशिवाय अर्थ निश्चित होत नाही. मेयोतील कुळांनी तो आपल्यावर सत्ता गाजविणाऱ्याविरुद्ध वापरला; जातपंचायतीचा बहिष्कार दुर्बल कुटुंबाचे पाणी, रोजगार व सोयरीक तोडतो. हा भेद महाराष्ट्राच्या कायद्यानेही ओळखला आहे. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.