पंपाविना वंगण

उसाच्या सरीतला पॉवर वीडर, बांधकामावरचा व्हायब्रेटर, दुकानाबाहेरचा जनरेटर या सगळ्यांना अनेकदा एकाच जातीचे इंजिन लावलेले असते: एक सिलिंडर, आडवी क्रँकशाफ्ट, थंड ठेवायला फक्त हवा. होंडाचे जीएक्स १६० हे त्यातले सर्वांत परिचित नाव. १६३ सीसीच्या या फोर-स्ट्रोक इंजिनात जेमतेम ६०० मिलिलिटर ऑइल बसते, आणि ते फिरवायला पंप नाही की गाळायला फिल्टर नाही. ही कंपनीने केलेली काटकसर आहे, असे कुणालाही वाटेल. मला ती रचना आपल्या कामापुरती परिपूर्ण वाटते. मात्र फिल्टर काढला म्हणून त्याचे काम संपत नाही, ते मालकाच्या अंगावर येते. विक्रीच्या वेळी नेमके हेच सांगायचे राहून जाते.

या रचनेचा सगळा भार एका चिमुकल्या भागावर आहे. कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक क्रँकपिनला कवटाळते, आणि तिथल्या टोपीवर बोटाच्या पेरासारखा एक उंचवटा असतो. त्याला डिपर म्हणतात. मिनिटाला ३,६०० फेरे घेणाऱ्या इंजिनात तो सेकंदाला ६० वेळा ऑइलमध्ये बुडतो आणि ते उधळतो. हे तुषार सिलिंडरच्या भिंतीवर, कॅमवर, बेअरिंगवर बसतात. पुशरॉडच्या वाटेने वर रॉकरपर्यंतही पोचतात. खरी कसोटी लागते ती रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा, पिन पोलादी, मध्ये वेगळे बेअरिंग नाही, आणि पिस्टनवरच्या स्फोटाचा सगळा दाब इथेच उतरतो. तरीही इंजिन वर्षानुवर्षे टिकते, कारण फिरणारी पिन ऑइलला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढते आणि तिथेच इतका दाब तयार होतो, की दोन्ही धातू एकमेकांपासून उचलले जातात. हा दाब पंप देत नाही. मोटारीतला पंपसुद्धा ऑइल त्या फटीपर्यंत पोचवतो, भार पेलणारा थर तिथेही फिरण्यातूनच तयार होतो.

मग स्प्लेंडरसारख्या छोट्या मोटारसायकललाही पंप का, असे कुणी विचारील. तिची कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहे, तिथे ऑइल चढवावे लागते. जीएक्सची कॅमशाफ्ट खाली, डिपरच्या शेजारीच फिरते. ज्याला लांब जायचेच नाही, त्याला पंपाची गरज नाही.

अडचण आहे ती पातळीची. ऑइल थोडे उतरले की डिपर कोरडाच फिरतो. रॉड पिनवर जाम होतो, तुटतो आणि कधी क्रँककेस फोडून बाहेर येतो. हे इंजिन कारखान्यातून ऑइल न भरता येते, आणि टू-स्ट्रोक फवारणी पंपाची सवय असलेला माणूस ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून मोकळा होतो. जास्त भरले तरी चालत नाही: ते घुसळून फेसाळते, ब्रीदरवाटे एअर फिल्टरकडे जाते आणि इंजिन धूर ओकू लागते. मोजायची रीतही अनेकांना माहीत नसते. इंजिन सपाट जागी बंद ठेवून डिपस्टिक पुसायची, आट्यांत न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढायची. फिरवून आत घातली तर ती खोल जाते आणि कमी असलेले ऑइल पुरेसे दिसते. उतारावर तर बरोबर मोजलेले ऑइलही एका बाजूला सरकते.

फिल्टर नसल्याने काजळी, पाणी, न जळलेले पेट्रोल आणि धातूचे कण ऑइलमध्येच राहतात. म्हणून ते पहिल्यांदा २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, इंजिन कोमट असतानाच बदलायचे असते, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर निघून जातो. महागडे सिंथेटिक ऑइल घातले की हे टळते, असा समज आहे. ते ऑइल उष्णतेत जास्त टिकते हे खरे, पण त्यात पडलेली घाण काही त्यामुळे बाहेर जात नाही. काही मॉडेलांत ऑइल कमी झाल्यावर इंजिन बंद पाडणारा फ्लोट असतो. तो चांगलाच आहे, पण त्याला फक्त पातळी कळते. काळे, पातळ झालेले ऑइल पुरेसे उंच असेल, तर तो इंजिन चालूच ठेवतो.