फर्निचर बेज किंवा ग्रे आहे? मग दुकानाच्या भिंतीला रंग कोणता द्यायचा?

नवीन दुकान टाकताना बरेच जण काउंटर आणि रॅक बेज, ग्रे नाहीतर फिकट लाकडी सनमायकात करून घेतात. निर्णय चांगला आहे. असं फर्निचर मालाच्या रंगाशी भांडत नाही आणि उद्या धंदा बदलला तरी चालून जातं. गाडी अडते ती भिंतीपाशी. शेड कार्डवर आवडलेला रंग गाळ्यात लावल्यावर वेगळाच दिसतो आणि भांडवल हातात कमी असताना रंगाऱ्याला दुसऱ्यांदा बोलवावं लागतं. म्हणून डबा घेण्याआधी एवढं बघा.

१. फर्निचरची झाक ओळखा
सनमायकाच्या तुकड्याशेजारी पांढरा कोरा कागद धरा. तुकडा पिवळसर किंवा गुलाबी वाटला तर झाक उबदार. मग क्रीम, हस्तिदंती, फिकट पीच हे रंग जुळतात. निळसर वाटला तर झाक थंड. मग स्वच्छ पांढरा, फिकट निळा किंवा राखाडी घ्या. निळसर ग्रे रॅकमागे पिवळट क्रीम भिंत आली की नवी भिंतही मळकी दिसते.

२. गाळ्यातला उजेड बघा
तीन बाजू बंद आणि उजेड फक्त शटरमधून, असेच गाळे आपल्याकडे जास्त. त्यात डोळखांबचा पावसाळा, म्हणजे भरदिवसा लाइट लावायची वेळ. रंग किती उजेड परत फेकतो त्याचा एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. काळा म्हणजे ० आणि शुभ्र पांढरा म्हणजे १००. खोल, अंधाऱ्या गाळ्यात ७० च्या पुढची शेड घ्या. दिवेही आधीच ठरवा. ६५०० केल्विनचा पांढरा दिवा निळसर असतो, ३००० केल्विनचा पिवळसर. एकच भिंत दोन्हींत दोन रंगांची दिसते.

३. माल काय विकणार?
गडद भिंत स्वतःचा रंग मालावर टाकते. पोपटी भिंतीजवळ साडी दाखवली तर गिऱ्हाइकाला खरी शेड कळत नाही. घरी जाऊन रंग वेगळा दिसला की साडी परत येते. कापड, कटलरी, फळं असतील तर मालाजवळच्या भिंती सौम्यच ठेवा.

मग दुकान फिकंफिकं दिसणार का? नाही. फक्त काउंटरमागची एक भिंत ठसठशीत करा. यासाठी गेरू आपल्या मातीतलाच रंग आहे. वारली चित्रं पिढ्यान्‌पिढ्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जातात आणि ती पांढरी रेष लांबूनही उठून दिसते. बेज किंवा फिकट लाकडी फर्निचरमागे गेरूसारखी शेड आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरात दुकानाचं नाव, बघा कसं खुलतं!

४. आधी ओल, मग रंग
भिंतीत ओल असेल तर भारी इमल्शनचेही पोपडे निघतात. गळती बंद करा, पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण वाळू द्या, मगच पुट्टी, प्रायमर आणि रंग.

५. हिशोब करा
गाळा १० बाय १२ चा, उंची १० फूट. शटरची बाजू सोडून तीन भिंती: (१२ + १२ + १०) × १० = ३४० चौरस फूट. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला ६० चौरस फूट लिहिलं असेल तर साधारण ६ लिटर लागेल. हा आकडा रंगानुसार बदलतो, म्हणून डबा वाचूनच घ्या.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम: छोटा डबा आणा, भिंतीवर २ बाय २ फुटांचा चौकोन दोन हात मारून रंगवा, शेजारी सनमायकाचा तुकडा आणि थोडा माल ठेवा. सकाळी बघा, रात्री दिवे लावून बघा. दोन्ही वेळा माल उठून दिसला तर रंगाऱ्याला फोन करा. भिंत कितीही सुंदर असली तरी गल्ल्यात पैसे माल आणतो.