केस आले, डोकं मात्र अजून दुखतंय!

ऑपरेशन सक्सेसफुल, रिपोर्ट क्लीन, पेढे वाटून झाले. मग उरलेलं दुखणं कुणाच्या खात्यात टाकायचं?

'अय्या, किती फ्रेश दिसतेस!' हे गेल्या दीड वर्षात मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. कॉम्प्लिमेंट आहे, मान्य. पण ब्रेन सर्जरीनंतर दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, हे सांगणार कुणाकुणाला?

माझी केस तशी साधी. उजव्या कानशिलाच्या आत मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूवरच्या आवरणातून वाढणारी गाठ. ही बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, माझीही नव्हती. कवटीचा तुकडा उघडून गाठ काढली आणि तुकडा टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी परत बसवला. सहाव्या दिवशी मी घरी! सगळ्यांना वाटलं पिक्चर संपला. माझा मात्र इंटर्व्हल होता.

मेंदू दुखत नाही, मग काय दुखतं?

गंमत म्हणजे मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाहीत. म्हणून तर काही ऑपरेशन्स पेशंटला जागं ठेवून करता येतात. दुखतात ती भोवतालची आवरणं, डोक्याची कातडी, तिथल्या कापल्या गेलेल्या बारीक नसा आणि कानशिलावरचा स्नायू. हा स्नायू जबडा हलवतो. त्यामुळे पाणीपुरी तोंडात मावेना आणि वडापाव तुकडे करून खावा लागला! जखमेवर बधिरपणा, कडेला झिणझिण्या आणि कंगवा लागला की करंट.

अशी डोकेदुखी बऱ्याच जणांना होते आणि हळूहळू जाते. तीन महिन्यांनंतरही राहिली तर डॉक्टर तिला 'पर्सिस्टंट' म्हणतात. माझी त्यातली.

सिक लीव्ह? ती काय असते?

फ्रीलान्सरचं गणित सोपं. स्टोरी दिली तर पैसे. स्क्रीनसमोर दोन तास झाले की माझी उजवी बाजू ठणकायला लागते. एका संपादकांनी प्रेमाने सांगितलं, 'पूर्ण बरी झालीस की कळव.' त्यानंतर फोनच नाही! पण 'पूर्ण बरी' याला तारीखच नसेल तर? म्हणून आता काम घेतानाच सांगते : डेडलाइन पाळेन, पण रात्री बाराला बदल सांगू नका. दोन कामं गेली, तीन राहिली. घरभाडं त्या तिनांवर चाललंय.

आईचं वेगळंच. मी 'दुखतंय' म्हटलं की तिला गाठ परत आली असंच वाटतं. मग आम्ही नंबर ठरवले. 'चार' म्हणजे चहा दे, 'सात' म्हणजे दिवे बंद कर आणि काही विचारू नकोस. तिची घालमेल कमी झाली आणि माझी खोटं हसायची ड्यूटी संपली.

गोळ्यांचा उलटा फंडा

साध्या पेनकिलर महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, तेही तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. काही गोळ्यांसाठी ही मर्यादा दहाच दिवसांची आहे. म्हणून मी डायरी ठेवते : किती दुखलं, काय घेतलं, झोप किती. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये दिलंय. औषध मूळचं डिप्रेशनचं, पण नसांच्या दुखण्यावरही वापरतात. जोडीला जबड्याचे आणि मानेचे व्यायाम. दुखणं गेलेलं नाही, पण 'सात'वाले दिवस कमी झालेत.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या एमिलिया क्लार्कवर २०११ आणि २०१३ मध्ये मेंदूतल्या अॅन्युरिझमसाठी उपचार झाले. तिने ते जगाला सविस्तर सांगितलं २०१९ मध्ये. स्टारलाही इतका वेळ लागला, तर आपण कोण!

तुमच्या जवळच्या कुणाचं असं ऑपरेशन झालंय?

* 'अजून दुखतंय?' असं नको. 'आज किती दुखतंय?' असं विचारा.
* भेटायला जाल तेव्हा परफ्यूम आणि आवाज, दोन्ही कमी ठेवा.
* 'काही लागलं तर सांग' म्हणण्यापेक्षा थेट डबा घेऊन जा.
* अचानक भयंकर डोकेदुखी, ताप, उलट्या, फिट, हातापायातली ताकद जाणं किंवा जखमेतून पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर डायरी बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.